जिंकण्यावाचून कोणाचे अडते? व्यावसायिक गोल्फपटूंच्या बाजारभावाचे गणित

मार्च २०२१ मध्ये निक फाल्डो या माजी इंग्रज गोल्फपटूने ट्विटरवर अमेरिकेच्या रिकी फाउलरला एक टोमणा मारला. फाउलरने दोन वर्षांत एकही स्पर्धा जिंकली नव्हती, जागतिक क्रमवारीत त्याची घसरण चालू होती आणि एप्रिलमधल्या मास्टर्स या मानाच्या स्पर्धेतला त्याचा प्रवेश धोक्यात आला होता. मास्टर्सला जाता आले नाही तर बरेच आहे, त्या आठवड्यात आणखी सहा जाहिरातींचे चित्रीकरण उरकता येईल, असा फाल्डोच्या म्हणण्याचा आशय होता. फाउलर खरोखरच पात्र ठरला नाही. जाहिराती मात्र चालू राहिल्या.

गोल्फमध्ये वर्षातल्या चार सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात: मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनमधली द ओपन. फाल्डोने अशी सहा विजेतेपदे मिळवलेली आणि फाउलरच्या नावावर एकही नाही, त्यामुळे टोमण्याला धार होती. पण त्यात एक कोडेही होते. गृहकर्ज देणारी कंपनी, विमा कंपनी, कपड्यांची कंपनी ही काही दानधर्म करणारी मंडळी नव्हेत. न जिंकणाऱ्या माणसाला त्यांनी वर्षानुवर्षे पैसे का द्यावेत?

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे कोडे जरा जास्तच पडते, कारण उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची आपल्याला सवय आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. लोकप्रिय होण्यासाठी गोल्फपटूला जिंकावे लागते, निदान जिंकेल अशी आशा तरी लावावी लागते. लोकप्रिय राहण्यासाठी मात्र लागते ते दुसरेच काही असते, आणि ते मोजक्यांपाशीच असते. हे असे का होते, ते समजण्यासाठी आधी या खेळातले हरणे समजून घ्यायला हवे.

## दीडशे जणांत एकच जिंकतो

कुस्तीच्या फडात दोघे उतरतात आणि एक जिंकतो, म्हणजे प्रत्येक लढतीत निम्मे मल्ल विजयी ठरतात. गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू एकाच मैदानावर, चार दिवस, रोज अठरा भोके या हिशेबाने खेळतात आणि सर्वांत कमी फटक्यांत हे काम संपवणारा विजेता ठरतो. दोन दिवसांनंतर जवळपास निम्मे खेळाडू गाशा गुंडाळून घरी जातात. या चाळणीला ‘कट’ म्हणतात. उरलेल्यांना क्रमाने बक्षिसाची रक्कम मिळते, पण विजेता एकच असतो. म्हणजे एका आठवड्यात एक जिंकतो आणि बाकीचे सगळे हरतात. दहावीच्या निकालात राज्यात पहिला न आलेल्या प्रत्येकाला नापास म्हणावे, तसा हा हिशेब आहे.

टायगर वुड्सने अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे व्यावसायिकांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धामालिकेत, ८२ विजेतेपदे मिळवली. सॅम स्नीडशी बरोबरी साधणारा हा विक्रम आहे. तरीही एकूण सहभागाशी ताळा लावला तर या विक्रमवीराच्या वाट्याला साधारण पाच स्पर्धांमागे एक विजय येतो. जॅक निक्लॉसने १८ मेजर जिंकल्या, हे गोल्फच्या कोणत्याही चाहत्याला पाठ असते. तो मेजरमध्ये १९ वेळा दुसरा आला, म्हणजे जिंकला त्याहून अधिक वेळा अगदी काठावर हरला, हे सहसा कोणी सांगत नाही.

याचा परिणाम प्रेक्षकावर होतो. ज्या खेळात सर्वोत्तम माणूसही बहुतेक वेळा हरतो, तिथे पराभवाची शरम कमी असते आणि प्रेक्षकाचे लक्ष आपोआप दुसऱ्या गोष्टींकडे वळते. हा माणूस फटका कसा मारतो, अडचणीत कसा वागतो, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात कसा हातात घेतो, हे सगळे त्याला दिसत राहते. एका फेरीला चार तासांहून अधिक वेळ लागतो आणि त्यातला चेंडू मारण्याचा वेळ काही मिनिटांचाच असतो. उरलेला सारा वेळ कॅमेरा चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो.

## प्रायोजक नेमके काय विकत घेतो

क्रिकेटपटूचा गणवेश संघाचा असतो आणि त्यावर कोणाचे नाव छापायचे ते मंडळ किंवा संघमालक ठरवतो. गोल्फपटू स्वतःचा मालक असतो. त्याला कोणी पगार देत नाही. विमानाचे तिकीट, प्रशिक्षक आणि बॅग वाहणारा सहायक, ज्याला ‘कॅडी’ म्हणतात, हे सगळे त्याच्याच खिशातून जाते. त्या बदल्यात त्याच्या अंगावरची प्रत्येक इंच जागा त्याची असते. टोपीचा दर्शनी भाग, छातीची डावी बाजू, बाही, कॉलर, बॅग, हे सगळे तो निरनिराळ्या कंपन्यांना भाड्याने देऊ शकतो. टोपीची जागा साहजिकच महाग, कारण चेहरा दिसला की टोपी दिसते. ‘दिसते ते विकते’ ही आपल्याकडची बाजारपेठेची म्हण इथे शब्दशः लागू पडते.

पण नुसत्या दिसण्यापेक्षा मोलाची एक गोष्ट आहे आणि ती दूरचित्रवाणीवर फारशी येत नाही. बहुतेक मोठ्या स्पर्धांच्या आदल्या दिवशी, सहसा बुधवारी, ‘प्रो-ॲम’ नावाचा प्रकार असतो: एक व्यावसायिक खेळाडू आणि त्याच्याबरोबर प्रायोजकाचे तीन-चार हौशी पाहुणे. हा पाहुणा म्हणजे एखाद्या बँकेचा बडा ग्राहक असतो, पन्नाशीचा, नवे बूट घातलेला आणि चारचौघांसमोर चेंडू हुकेल या धास्तीने घामाघूम झालेला. त्याचा पहिला फटका झुडपात जातो. व्यावसायिक खेळाडू हसत त्याच्याजवळ येतो, त्याचा डावा अंगठा दांड्यावर थोडा सरकवून देतो, मुलाबाळांची चौकशी करतो आणि पुढचा फटका बरा गेला की पाठ थोपटतो. हा अंगठा सरकवल्याचा किस्सा तो गृहस्थ पुढची दहा वर्षे जेवणाच्या टेबलावर सांगतो. खेळाडू गेल्या रविवारी कितवा आला, हे त्याच्या किश्शात येतही नाही.

आपल्याकडे दिवाळी अंकात गावचा सराफ पानभर शुभेच्छा देतो, तेव्हा त्या पानामुळे किती अंगठ्या विकल्या गेल्या याचा हिशेब तो करत नाही. चांगल्या घरांत आपले नाव सलोख्याने जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. गोल्फच्या प्रायोजकाची अपेक्षा बरीचशी अशीच असते, फरक एवढाच की इथली घरे फार श्रीमंत असतात. गोल्फ पाहणारा प्रेक्षक संख्येने फुटबॉल किंवा क्रिकेटपेक्षा कितीतरी कमी आहे. पण त्यात कंपन्यांचे संचालक, डॉक्टर, वकील, निवृत्त अधिकारी यांचे प्रमाण मोठे आहे. म्हणूनच गोल्फपटूंच्या टोप्यांवर घड्याळे, मोटारी, बँका, विमा आणि लेखापरीक्षण करणाऱ्या कंपन्या दिसतात, शीतपेये कमी. शिवाय हा प्रेक्षक स्वतः खेळतो आणि खेळाडूच्या हातातली काठी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विकत घेऊ शकतो.

करारातही हा दुहेरी विचार दिसतो. ठरावीक वार्षिक रक्कम वेगळी आणि विजयाचा किंवा क्रमवारीतल्या स्थानाचा बोनस वेगळा, अशी साधारण रचना असते. क्रमवारीत फार खाली गेल्यास रक्कम कमी करण्याची अट असू शकते आणि वर्तन बिघडल्यास करार मोडण्याची मुभाही असते. जिंकण्याला किंमत आहेच. ती करारातल्या एका कलमापुरती आहे, इतकेच.

## जून १९६६: जिंकला एक, गाजला दुसरा

हा सगळा व्यवहार ज्याच्यापासून सुरू झाला, त्याचे नाव अर्नोल्ड पामर. पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब या गावी गोल्फ मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. १९५८ ते १९६४ या काळात त्याने सात मेजर जिंकल्या. नेमके त्याच वर्षांत अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी संच आले होते आणि पामर त्या पडद्यासाठीच घडवल्यासारखा होता. पँट वर ओढायची, सिगारेट बाजूला टाकायची आणि शहाणा माणूस जिथे चेंडू जपून ठेवेल तिथे सरळ भोकातल्या झेंड्यावर फटका हाणायचा. त्याच्यामागे धावणाऱ्या गर्दीला ‘आर्नीची फौज’ हे नाव पडले. मार्क मॅककॉरमॅक या वकिलाने १९६० च्या सुमारास केवळ हस्तांदोलनावर त्याचे व्यवहार हाती घेतले आणि त्यातून आयएमजी ही खेळाडूंचे व्यवस्थापन पाहणारी बलाढ्य कंपनी उभी राहिली.

आता १९६६ ची यूएस ओपन पाहू. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवर रविवारची शेवटची फेरी चालू होती. नऊ भोके उरली होती आणि पामर बिली कॅस्परच्या सात फटके पुढे होता. एवढी आघाडी म्हणजे शेवटच्या दोन षटकांत चार धावा हव्या असाव्यात आणि आठ गडी हाताशी असावेत, असा प्रकार. पामरने सावधपणे खेळावे, एवढेच पुरेसे होते. पण त्याच्या मनात स्पर्धा जिंकण्याबरोबर बेन होगनचा २७६ फटक्यांचा स्पर्धाविक्रम मोडण्याचा विचार घोळत होता. दहाव्या भोकावर आघाडीतला एक फटका गेला, तेराव्यावर आणखी एक. पंधराव्यावर तो थेट झेंड्याकडे गेला आणि वाळूत अडकला. तिथे दोन गेले. सोळाव्यावर त्याने जोरकस फटका मारला, चेंडू डावीकडे वळून झाडीत गेला आणि दाट गवतातून लांब पल्ल्याच्या काठीने तो बाहेर काढण्याच्या नादात आणखी फजिती झाली. पुन्हा दोन गेले. सतराव्यावर उरलेली आघाडीही संपली. सोमवारी अठरा भोकांचा निर्णायक सामना झाला. त्यातही अर्ध्यावर पामर पुढे होता, आणि कॅस्परने तो ६९ विरुद्ध ७३ असा जिंकला.

बिली कॅस्पर हा कोणी ऐरागैरा नव्हता. त्याच्या खात्यावर ५१ विजेतेपदे आणि तीन मेजर आहेत. १९६४ ते १९७० या सात वर्षांत त्याने टूरवर निक्लॉसपेक्षाही अधिक स्पर्धा जिंकल्या. पण तो जपून खेळे, झेंड्याऐवजी ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या तासलेल्या हिरवळीच्या, मध्यावर चेंडू टाके आणि उत्तम पटिंगवर, म्हणजे हिरवळीवरून चेंडू अलगद भोकात ढकलण्याच्या कसबावर, भागवून घेई. वर्तमानपत्रांना त्याच्याविषयी लिहिण्यासारखे सापडले ते काय, तर ॲलर्जीमुळे तो गव्याचे मांस खातो हे! मॅककॉरमॅकने पामर, निक्लॉस आणि गॅरी प्लेअर या तिघांना ‘बिग थ्री’ म्हणून जगभर खपवले. त्यात कॅस्परला जागा नव्हती.

आणि पामरचे काय झाले? १९६४ नंतर त्याने एकही मेजर जिंकली नाही. टूरवरचा त्याचा शेवटचा विजय १९७३ चा. संपूर्ण कारकिर्दीत पीजीए टूरवर त्याने मिळवलेली बक्षिसे १९ लाख डॉलरच्याही आत बसतात. पण फोर्ब्स नियतकालिकाच्या अंदाजानुसार २०१५ च्या सुमारास, म्हणजे शेवटच्या विजयानंतर चाळीस वर्षांनी आणि पंचाऐंशीच्या घरात असताना, तो वर्षाला ४ कोटी डॉलर कमावत होता. इंजिनाच्या तेलाची जाहिरात त्याने आपल्या वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरसह केली. रंगीत छत्रीची त्याची खूण कपड्यांवर आली. चहा आणि लिंबू सरबत एकत्र करून तो पीत असे, त्या मिश्रणाला अमेरिकेतल्या उपाहारगृहांत आजही ‘अर्नोल्ड पामर’ म्हणूनच मागवतात. पामरने तरुणपणी विजयांची मुदत ठेव केली आणि पन्नास वर्षे तिचे व्याज खाल्ले, असे म्हणता येईल. कॅस्परकडे मुद्दल कमी नव्हते. पण त्याला व्याज देणारी बँक भेटली नाही.

## लोकप्रियता मोजायला बसले तेव्हा

पुढे टूरने स्वतःच हा हिशेब कागदावर आणला. २०२१ मध्ये पीजीए टूरने खेळाडूंच्या प्रभावासाठी ४ कोटी डॉलरची थैली सुरू केली. ती मैदानावरच्या गुणांसाठी नव्हतीच. इंटरनेटवर कोणाला किती शोधले गेले, बातम्यांत कोणाचे नाव किती आले, दूरचित्रवाणीवर कोणाचा प्रायोजक किती वेळ दिसला, समाजमाध्यमांवर कोणाची चर्चा किती झाली आणि सामान्य लोकांना कोण किती परिचित व प्रिय आहे, असे पाच निकष लावून दहा खेळाडू निवडायचे होते.

पहिल्या वर्षी ८० लाख डॉलर घेऊन पहिला आला तो टायगर वुड्स. फेब्रुवारी २०२१ मधल्या मोटार अपघातात त्याचा पाय चेचला गेला होता आणि त्या वर्षात तो टूरच्या एकाही अधिकृत स्पर्धेत उतरला नव्हता. फिल मिकलसनने डिसेंबरातच आपण पहिले आल्याचे ट्विटरवर जाहीर करून आभारही मानले होते, आणि मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा तो दुसरा निघाला. पन्नाशीत मेजर जिंकून इतिहास घडवणाऱ्या माणसाला खाटेवर पडलेल्या माणसाने मागे टाकले! पुढच्या वर्षी थैली १० कोटींची झाली, वुड्स तीनच अधिकृत स्पर्धा खेळला, त्यांत सत्तेचाळिसावा क्रमांक ही त्याची सर्वोत्तम कामगिरी, आणि दीड कोटी डॉलर घेऊन पुन्हा तोच पहिला आला.

खेळाडूंत यावरून कुरबुर झाली, ती समजण्यासारखी आहे. पण टूरची अडचणही खरी होती. सौदी अरेबियाच्या पैशावर उभी राहू घातलेली लिव्ह ही प्रतिस्पर्धी मालिका नामवंत खेळाडूंना प्रचंड रकमा देऊ करत होती आणि प्रेक्षक ज्यांच्यासाठी दूरचित्रवाणी लावतात त्यांना थांबवून धरणे टूरला भाग होते. मिकलसनसह त्यांच्यातले काही जण शेवटी गेलेच.

या व्यवहाराचा एक धागा भारतातही येतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये हिरो मोटोकॉर्पच्या निमंत्रणावरून वुड्स दिल्ली गोल्फ क्लबवर खेळून गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये या कंपनीने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला. त्याचा आधीचा विजय ऑगस्ट २०१३ चा होता आणि दरम्यान पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. पुढचा विजय उजाडायला सप्टेंबर २०१८ यावे लागले, म्हणजे कराराचा जवळजवळ सगळा काळ त्याने काहीही जिंकले नाही. तरीही करार वाढवण्यात आला. दुचाकी विकणाऱ्या कंपनीला परदेशच्या बाजारात ओळख हवी होती, आणि ‘टायगर वुड्सवाली कंपनी’ ही ओळख त्याच्या गुणफलकावर अवलंबून नव्हती.

## मग शेफलर इतके जिंकतो, त्याचे काही नाही?

हा आक्षेप रास्त आहे. स्कॉटी शेफलरने २०२४ मध्ये टूरवर सात स्पर्धा आणि पॅरिस ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले, पुढच्या वर्षी आणखी दोन मेजर मिळवल्या, आणि मोठमोठ्या कंपन्या त्याच्याबरोबर आहेत. सतत जिंकणाऱ्याला पैसा कमी पडत नाही. पण वुड्सच्या ऐन भरातल्या दिवसांशी तुलना केली तर गोल्फबाहेरच्या सामान्य माणसाला शेफलर कितपत ठाऊक आहे, हा प्रश्न उरतोच. घरी बायकामुलांत रमणारा, गाजावाजा टाळणारा हा माणूस आहे, आणि त्याने तसे असू नये असे म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही. कॅस्परची आठवण येते ती इथे.

उलट बाजूला ब्रायसन डीशॅम्बो आहे. त्याने २०२० आणि २०२४ मध्ये यूएस ओपन जिंकली हे खरेच, पण लिव्हकडे गेल्यावर दूरचित्रवाणीवरचा त्याचा नेहमीचा प्रेक्षक घटला असताना त्याने यूट्यूबवर स्वतःची वाहिनी उभी केली. आपल्या घराच्या छपरावरून चेंडू पलीकडच्या भोकात एका फटक्यात घालण्याचा नाद त्याने दिवसेंदिवस केला आणि सोळाव्या दिवशी तो साधला. विजेतेपदांशी या उद्योगाचा काडीचा संबंध नाही. तरुण मुले त्याला ओळखतात ती मात्र त्यावरून.

## म्हणजे जिंकायची गरजच नाही का?

असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण आतापर्यंतची सगळी नावे शिखरावरची आहेत. टूरवर शंभराव्या क्रमांकाच्या आगेमागे असणाऱ्या खेळाडूचे जग निराळे आहे. त्याला आधी खेळण्याचा हक्क टिकवायचा असतो, ज्याला ‘कार्ड’ म्हणतात, आणि तो मोसमातल्या कामगिरीवरच मिळतो. एक विजय मिळाला की साधारण दोन वर्षांची निश्चिंती आणि मेजर जिंकली तर पाच वर्षांची. कार्ड गेले की तो पडद्यावरून जातो, पडद्यावरून गेला की टोपी रिकामी होते. रोजंदारीवर काम करणाऱ्याला ठेवीच्या व्याजाच्या गोष्टी सांगून उपयोग नसतो.

लोकप्रिय खेळाडूला इथेही एक मागचा दरवाजा असतो. स्पर्धेच्या प्रायोजकांना काही जागा स्वतःच्या निमंत्रणाने भरता येतात. फाउलरला २०२५ मध्ये मोठ्या रकमेच्या, मोजक्याच खेळाडूंच्या स्पर्धांची अशी निमंत्रणे मिळाली आणि कामगिरीच्या जोरावर जागा मागणाऱ्यांनी बोटे मोडली. मला त्यांची तक्रार पटते. तिकीट काढणारा प्रेक्षक फाउलरला पाहायला येतो हे आयोजकाचे म्हणणेही खोटे नाही. पण एकाला दिलेली जागा दुसऱ्याच्या पोटावर येते, आणि तो दुसरा प्रसिद्ध नसल्यामुळे त्याची बाजू मांडायला कोणी बसलेले नसते.

काहीच न जिंकता केवळ आशेवर बाजार मिळतो का? काही काळ मिळतो. मिशेल वी हिने ऑक्टोबर २००५ मध्ये, सोळावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, व्यावसायिक होण्याचे जाहीर केले तेव्हाच नाइकी आणि सोनी तिच्या पाठीशी होत्या आणि वर्षाला एक कोटी डॉलरच्या आसपासचे आकडे बोलले जात होते. महिलांच्या टूरवरचा तिचा पहिला विजय नोव्हेंबर २००९ मध्ये आला. मधल्या चार वर्षांत कौतुकाची जागा हळूहळू टीकेने घेतली, कारण आशा ही उधारी असते आणि उधारीला मुदत असते. पेज स्पिरानॅकने हा रस्ताच सोडला: छोट्या मालिकेतला एक विजय गाठीशी असताना तिने स्पर्धांकडे पाठ फिरवली आणि इन्स्टाग्रामवर लाखोंचा चाहतावर्ग जमवला. पण तो व्यवसाय निराळा, त्याला व्यावसायिक गोल्फपटूची लोकप्रियता म्हणणे मला ओढूनताणून वाटते.

## न जिंकणे चालते, मग काय चालत नाही?

नोव्हेंबर २००९ च्या शेवटी वुड्सच्या विवाहबाह्य संबंधांची बातमी फुटली तेव्हा तो जागतिक क्रमवारीत पहिला होता आणि त्या वर्षी टूरवर सहा स्पर्धा जिंकलेला होता. त्याच्या कर्तबगारीचे उदाहरण देत आपल्या सल्लासेवेची जाहिरात करणाऱ्या ॲक्सेंचरने डिसेंबरातच त्याला सोडले. एटी अँड टी या दूरसंचार कंपनीनेही हात काढून घेतला. मिकलसनचे तसेच झाले. मे २०२१ मध्ये मेजर जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरल्यानंतर नऊ महिन्यांत, सौदी मालिकेविषयीची त्याची बेफिकीर विधाने छापून आली आणि केपीएमजी या लेखापरीक्षण कंपनीसारखे जुने प्रायोजक दूर झाले. विजयाची धग ताजी असताना दोघांचे करार तुटले, आणि पामरचा टूरवर एकही नवा विजय नसताना चाळीस वर्षे टिकला. ज्या ग्राहकाला खेळाडूबरोबर बुधवारी चार तास चालायचे असते, त्याला शेजारी कोण चालते आहे याची लाज वाटू नये, एवढी अट प्रायोजक बहुधा कधीच सोडत नाही.

हरण्यालाही गोष्ट असली की लोक तिला जपतात, याचा अनुभव आपण स्वतः घेतला आहे. ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे, गोल्फमधले ओ की ठो न कळणारी कितीतरी भारतीय घरे टोकियो ऑलिम्पिकमधल्या महिलांच्या शेवटच्या फेरीसाठी जागी होती. बंगळुरूची अदिती अशोक, तेव्हाच्या क्रमवारीत दोनशेवी, एका फटक्याने पदकाला मुकली आणि चौथी आली. त्या एका सकाळीपुरते तिचे नाव देशभर झाले. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत पुण्याचा उदयन मानेही खेळला होता, पण किती मराठी वाचकांना ते आठवत असेल?

## पुन्हा फाउलर

फाउलरची गोष्ट मुळापासूनच अशी वाकडी आहे. २०१० मध्ये एकही स्पर्धा न जिंकता तो टूरचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि तेव्हाही आरडाओरड झाली होती. आपल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा भगभगीत नारिंगी रंग तो रविवारी नखशिखान्त घालायचा, आणि गर्दीत तशाच टोप्या घातलेली शाळकरी पोरे दिसू लागली. २०१४ मध्ये चारही मेजरमध्ये तो पहिल्या पाचांत आला, जिंकला एकही नाही. २०१५ मध्ये नाव न सांगण्याच्या अटीवर घेतलेल्या पाहणीत सहकाऱ्यांनीच त्याला इंग्लंडच्या इयन पोल्टरबरोबर फाजील स्तुती झालेल्यांत सर्वांत वर बसवले, आणि काही दिवसांतच त्याने प्लेअर्स चॅम्पियनशिप ही मेजरखालोखाल मानाची स्पर्धा जिंकली. २०१९ नंतर मात्र खरोखरच खडखडाट झाला. सलग तीन वर्षे मास्टर्सचे दार बंद राहिले आणि क्रमवारीत तो पहिल्या शंभरातूनही बाहेर गेला. स्वाक्षरीसाठी थांबलेल्या पोरांना त्या काळातही तो सहसा रिकाम्या हाताने पाठवत नसे. २०१४ पासून त्याच्या अंगावर नाव मिरवणारी डेट्रॉइटची गृहकर्ज कंपनीही ढळली नाही.

२ जुलै २०२३ रोजी त्याच डेट्रॉइटमध्ये, त्याच कंपनीच्या नावाने भरणाऱ्या रॉकेट मॉर्गेज क्लासिक स्पर्धेत, कॉलिन मोरिकावा आणि ॲडम हॅडविन यांच्याबरोबर त्याची बरोबरी झाली आणि तिघे निर्णायक भोकासाठी पुन्हा अठराव्यावर आले. त्याचा पहिला फटका उजवीकडे गवतात गेला. दुसरा ग्रीनवर, भोकापासून बारा फुटांच्या आत थांबला. तो त्याने आत घातला आणि चार वर्षे पाच महिन्यांचा दुष्काळ संपला. बक्षिसाची रक्कम १५ लाख ८४ हजार डॉलर होती. पामरने टूरवर अख्ख्या आयुष्यात मिळवले त्याहून थोडीशीच कमी. ती देणारी कंपनी मधल्या कोरड्या वर्षांतही त्याला पैसे देतच होती.